‘एयाम’ नव्हे, ‘ईम’

मा. संपादक,
स. न. वि. वि.

साथ बाहेर पसरू नये म्हणून स्वतःला शिवेच्या आत कोंडून घेणाऱ्या इंग्लंडमधल्या ‘प्लेगच्या गावा’वरचा लेख रविवारच्या पुरवणीत वाचला. आधी उच्चार. आपण ‘एयाम’ छापलंत, तिथली माणसं ‘ईम’ म्हणतात. मुलीकडे शेफील्डला होते तेव्हा मीही बसमध्ये ‘एयाम’चंच तिकीट मागितलं होतं. ड्रायव्हर नुसता हसला.

लंडनहून शिंप्याकडे आलेल्या कापडाबरोबर साथ आली असं सांगतात. सप्टेंबर १६६५ मध्ये त्या शिंप्याचा मदतनीस जॉर्ज विकर्स गेला आणि पुढच्या १४ महिन्यांत २६० माणसं गेली. हे लेखात आहेच. पण गावातली घरं लेखकाने ‘टुमदार’ या एका शब्दात उरकली, ते काही पटलं नाही. चर्चच्या शेजारी दगडी घरांची ओळ आहे. विकर्स राहायचा ते घर त्यातलंच. प्रत्येक घरासमोर पाटी : इथे कोण राहत होतं, कोण गेलं, कोण वाचलं. आणि ही घरं ओस नाहीत, लोक राहतात त्यांत. आत कुणी तरी भांडी घासत होतं, बाहेर आम्ही त्याच घरातल्या मेलेल्यांची नावं वाचत होतो. जरा ओशाळल्यासारखंच झालं.

गावाबाहेर चढावर, गोल दगडी कुंपणात, हॅनकॉक कुटुंबाची थडगी आहेत. ऑगस्ट १६६६ मध्ये आठ दिवसांत एलिझाबेथ हॅनकॉकने नवरा आणि सहा मुलं स्वतःच्या हातांनी पुरली, कारण ज्याने-त्याने आपलं माणूस आपणच पुरायचं असं ठरलं होतं. लेखात तिचा उल्लेखही नाही. धर्मगुरू विल्यम मॉम्पेसनवर मात्र तीन परिच्छेद.

मॉम्पेसन मोठा होता, प्रश्नच नाही. जून १६६६ मध्ये त्याने गावाला शिवेच्या आत थांबायला राजी केलं, चर्चला कुलूप घालून उघड्यावर प्रार्थना घेतल्या. त्याची बायको कॅथरीन त्या ऑगस्टमध्येच गेली. पण गावाचा विश्वास होता तो पदावरून दूर केलेल्या जुन्या धर्मगुरूवर, थॉमस स्टॅनलीवर. तो पाठीशी उभा राहिला म्हणून लोकांनी मानलं. शिवाय मॉम्पेसनने स्वतःची मुलं त्याआधीच बाहेरगावी धाडली होती. हे सांगितल्याने तो लहान होत नाही, पण सांगायला हवं होतं.

‘आपणही यातून शिकावं’ हे लेखातलं वाक्य वाचून तर मला माझी आजी आठवली. तिच्या आईने पुण्यातला १८९७ चा प्लेग पाहिला होता. घरात उंदीर मरून पडला, की घराला कुलूप घालून माळावर झोपडीत जायचं, हे आमच्या घरात पाठच होतं. दाटीवाटीच्या घरांत थांबून राहायचं म्हणजे आतल्यांनी मरायचं. आजीने त्याला शहाणपण म्हटलं नसतं. अर्थात ईमच्या लोकांना उंदीर-पिसवांचं कोडं कुठून उलगडणार? उंदरांवरच्या पिसवांमुळे प्लेग पसरतो हे फ्रेंच डॉक्टर सिमोंने कराचीत दाखवलं ते १८९८ साली. पलीकडच्या गावांना झळ लागू नये म्हणून ते थांबले, एवढंच.

त्या पलीकडच्या गावाच्या, स्टोनी मिडल्टनच्या, वाटेवर शिवेचा दगड आहे. त्याला सहा भोकं. त्यांत व्हिनेगर घालून नाणी ठेवायची, समोरच्यांनी धान्य ठेवून ती उचलायची. मी गेले तेव्हा भोकांत पावसाचं पाणी होतं.

शेवटची दुरुस्ती छायाचित्राची. ‘प्लेगग्रस्तांचं घर’ म्हणून आपण जो देखणा वाडा छापलात तो ईम हॉल. तो बांधला साथ ओसरल्यावर काही वर्षांनी. प्लेगने गेलेल्यांपैकी कुणीही तो पाहिलेला नाही.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका, पुणे