मागची सीट

नाशिक, गंगापूर रोड
रविवार

प्रिय दिल्या,

तब्येत बरी, शुगर आहे तिथेच, आईचे गुडघे तेच. झालं. आता मुद्द्याचं ऐक. थंडरबर्ड मोटरसायकलचे मागचे शॉकअप बदलले.

हस मेल्या! उजव्याचं सील गेलं, तेल टपकायला लागलं, आणि इथे २०२७ च्या सिंहस्थाच्या नावाने अर्धं शहर खणून ठेवलंय. एका खड्ड्यातून गेलं की गाडी पुढच्या खड्ड्यापर्यंत डुलत राहायची. शेवटी द्वारका चौकाजवळच्या एका दुकानात गेलो. गॅसच्या टाकीवाले घेतले, रिबाउंडला, म्हणजे दबलेला शॉकअप किती वेगाने वर यायचा त्याला, वेगळा स्क्रू असलेले. पोरगं वहीत लिहून घेत होतं. वजन? म्हटलं, ८२. एकटे की डबलसीट?

दिल्या, मी जराही न अडखळता म्हटलं, डबलसीट. मागे ५८. त्याने त्या हिशोबाची जाड तारेची स्प्रिंग दिली.

वणीच्या वळणानंतर ही मागे बसलेली नाही. तुला काय सांगायचं, तू होतास.

आता एकटा चालवतो तर नुसती फळी. त्र्यंबक रोडच्या प्रत्येक गतिरोधकावर कंबर बोलते. प्रीलोड, म्हणजे स्प्रिंगला आधीच दिलेला दाब, पार खालच्या खाचेवर आणला, तरी तेच. कसाऱ्याच्या टपरीवर तू छातीठोक सांगत होतास ना, प्रीलोड उतरवला की स्प्रिंग मऊ होते म्हणून? नाही होत रे गाढवा! कडकपणा तारेच्या जाडीत आणि वेढ्यांत असतो. पाना लावून कॉलर फिरवली की गाडी मागून वर-खाली होते, एवढंच. त्या पैजेचे चहाचे पैसे अजून येणे आहेत.

मग रीतसर मोजलं. गाडी सेंटर स्टँडवर, चाक अधांतरी. ॲक्सलपासून सीटखालच्या बोल्टपर्यंत आईचा शिवणाचा टेप. मग गाडी खाली घेतली, मी वर बसलो, ओम्याने पुन्हा मोजलं. थंडरबर्डचं मागचं चाक ८० मिलिमीटर खालीवर होतं. माणूस बसल्यावर त्यातलं पंचवीसएक दबायला हवं, तोच सॅग. माझ्या एकट्याने १३ दबलं.

मग मी गव्हाचं पोतं मागच्या सीटवर बांधलं. मुद्दाम काट्यावर घालून, ५८ किलो. आता २६ भरलं, अगदी हवं तसं! तेवढ्यात ही गॅलरीत आली.

"हे काय?"

"सॅग बघतोय."

"किती किलोचं आहे?"

मी गप्प. तिने पोत्याकडे नीट बघितलं, म्हणाली, "साठाच्या वर झालं असेल आता," आणि आत गेली.

मी तसाच पोतं घेऊन धरणाकडे निघालो. लोक बघत होते, बघू देत. रिबाउंड दुकानातून पार आवळून आला होता. ओळीने पट्टे आले की शॉकअप एका धक्क्यातून वर येईस्तोवर दुसरा बसायचा, गाडी मागून खाली खाली जायची आणि शेवटच्या पट्ट्याला दणका. रस्त्याकडेला थांबून दोन्ही बाजूंच्या स्क्रूचे सारखेच क्लिक सोडत गेलो. चौथ्या क्लिकला जमलं. खड्ड्यात एकदा दबली, एकदा वर आली, गप्प. वर्षानुवर्षं ही गाडी अशी चालली नव्हती, आणि मागे गहू!

दुकानदार म्हणतो, एकट्यापुरती हलकी स्प्रिंग मागवून देतो, शनिवारपर्यंत सांगा. हलकी टाकली तर माझी कंबर सुटेल. पण उद्या ती खरंच बसली आणि पहिल्याच खड्ड्यात मागचं खाली आपटलं, तर पुन्हा नावच नको. शिवाय स्प्रिंग बदलली की तिला कळणार. शॉकअपमधलं तिला ओ की ठो कळत नाही, पण हे कळणार.

विचारलं का नाहीस म्हणशील. तू विचारलं असतंस का?

तुझ्या बदलीचं कळलं, नागपुरात उन्हाळा सोस आता. चिमीला दहावीत चांगले पडले, पेढे बाकी. वहिनींना नमस्कार.

तर "साठाच्या वर" म्हणजे काय म्हणाली असेल ती? राखी तुला बांधते, तुला तिचं बोलणं माझ्यापेक्षा कळतं. शनिवारच्या आत फोन कर. प्रीलोडवरून वाद घालणार असशील तर मात्र मिस्ड कॉलही देऊ नकोस.

तुझा,
बाळ्या