हंस ओळखायचा तर आधी चोच बघा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

बाणगंगा तलावातल्या पांढऱ्या पक्ष्यांचा फोटो 'मुंबईत हंस आले' अशा मजकुरासह आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर पुन्हा फिरतो आहे. ते हंस नाहीत, पाळीव गूज (इंग्रजीत goose) आहेत, हंसाच्याच कुळातले पण वेगळे पक्षी. फरक ओळखायला दुर्बीणसुद्धा लागत नाही.

मी शाळेत चित्रकला शिकवत असे. मुलांना पक्षी काढायला बसवले की आधी चोच आणि डोळा यांच्यामधली जागा बघायला सांगायचे. गूजला तिथे चोचीच्या मुळापर्यंत पिसे असतात. कॅलेंडरांवर झळकणाऱ्या म्यूट स्वान या जातीच्या हंसाची तेवढी जागा पिसांविना, उघडी असते. त्याची चोच नारिंगी, मुळाशी काळा गोळा आणि तिथून डोळ्यापर्यंत त्रिकोणी काळी कातडी. लोक फसतात ते त्या गोळ्यामुळे. चिनी जातीच्या पाळीव गूजच्या कपाळावरही उंचवटा असतो; पण पांढऱ्या गूजचा तो चोचीसारखाच नारिंगी असतो आणि डोळ्यापर्यंत काळे काहीच नसते.

हूपर स्वान या दुसऱ्या जातीच्या हंसाची चोच पिवळी-काळी. पिवळा रंग टोकदार होत नाकपुडीच्या पुढे उतरतो. त्याहून लहान असलेल्या बेविक स्वानचा पिवळा अलीकडेच थांबतो आणि ती नक्षी प्रत्येक पक्ष्याची वेगळी असते. इंग्लंडमध्ये स्लिमब्रिजला पक्षीतज्ज्ञ पीटर स्कॉट यांनी १९६४ पासून या चोचींची चित्रे काढून एकेक पक्षी ओळखायला सुरुवात केली. ते स्वतः चित्रकार होते, म्हणूनच त्यांना हे सुचले असे मला वाटते.

ओळख वागण्यातूनही पटते. हूपर मान ताठ धरतो, म्यूट ती डौलदार वळवतो. चिडलेला म्यूट नर पंख पाठीवर कमानीसारखे उभारतो, मान मागे खेचतो आणि दोन्ही पायांनी एकदम पाणी रेटत अंगावर येतो. चित्रांत आपण ज्याला ऐट म्हणतो, तो खरे तर दम देण्याचा पवित्रा असतो.

भारतात हंस क्वचितच दिसतात, तेही वायव्येकडे, कडाक्याच्या थंडीत. महाराष्ट्रात हिवाळ्यात येतो तो त्यांचा नातलग पट्टकदंब. पांढऱ्या डोक्याच्या मागच्या बाजूला दोन काळे पट्टे असलेला हा पक्षी हिमालय ओलांडून जायकवाडी, उजनीच्या पाण्यावर उतरतो. आपल्या शिवडी आणि ठाणे खाडीतले रोहित (फ्लेमिंगो) अगदी वेगळ्या कुळातले, पण तिथेही चोचच कामाला येते: मोठ्या रोहितची गुलाबी, फक्त टोकाला काळी, लहान रोहितची जवळजवळ सगळी गडद.

बाणगंगेच्या पायऱ्यांवर या पक्ष्यांची माहिती देणारा फलक लावावा, अशी महापालिकेला विनंती आहे. त्यावर पाव टाकू नका, हेही ठळक लिहावे. गूज गवत आणि कोवळा पाला खाणारा पक्षी आहे. पावाने त्याचे पोट नुसते भरते, पोषण होत नाही, आणि उरलेला पाव पाण्यात कुजतो. पायऱ्यांच्या कडेला साचलेला तो लगदा कुणीही जाऊन पाहावा.

आपणही बालपानावर हंस आणि गूज यांची डोकी शेजारी शेजारी, चांगली मोठी छापावीत. चित्रे मी विनामूल्य काढून देईन.

आपली,
एक निवृत्त चित्रकला शिक्षिका,
गिरगाव, मुंबई