‘टू विट’ म्हणजे विनोद नव्हे

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

गेल्या महिन्यात माझा एक जुना विद्यार्थी कराराचे कागद घेऊन घरी आला. सौरऊर्जा प्रकल्पासाठी जमीन भाड्यानं द्यायची होती. करार इंग्रजीत, सोबत मराठी तर्जुमा. एका ओळीवर बोट ठेवून म्हणाला, “गुरुजी, आमच्या जमिनीत विनोद कशाचा वो?” ओळ अशी : ‘खालील शेतजमीन, विनोद करण्यासाठी, गट क्रमांक…’

इंग्रजीत तिथं ‘टू विट’ (to wit) होतं. तर्जुमा मशीननं केलेला, नंतर कुणी डोळ्याखालून घातलेलाही नाही. अडीच एकर हीच ज्याची सगळी इस्टेट, त्याच्या हातात असा कागद ठेवला, याचा मला फार राग आला.

मी एकतीस वर्षं इंग्रजी शिकवलं. ‘विट’ हे जुनं क्रियापद आहे, अर्थ ‘जाणणे’. ‘आय वॉट’ म्हणजे मी जाणतो; भूतकाळी ‘विस्ट’. १६११ च्या इंग्रजी बायबलात ही दोन्ही रूपं आहेत. पुढं बोलण्यातून ती गेली, जाणण्यासाठी ‘नो’ (know) तेवढं राहिलं. कोर्टकचेरीच्या कागदांत मात्र ‘दॅट इज टू विट’, म्हणजे ‘हे जाणावे की’, टिकलं आणि आखडून ‘टू विट’ झालं. आपल्या खरेदीखतात ‘चतुःसीमा येणेप्रमाणे’ लिहितात ना, त्यातल्या ‘येणेप्रमाणे’चं जे काम, तेच याचं. ‘विट’ या नामाचा अर्थही आधी बुद्धी, समज असाच होता. विनोद त्याला फार उशिरा चिकटला.

आणि हा शब्द आपल्याला परका नाही. संस्कृत ‘विद्’ आणि हा ‘विट’ एकाच मुळाचे. संस्कृतात ‘अहं वेद’ म्हणजे मी जाणतो, ‘विद्म’ म्हणजे आम्ही जाणतो. एकवचनात स्वर बदलतो, अनेकवचनात मूळचा ‘वि’ राहतो. जुन्या इंग्रजीतही हुबेहूब तसंच. त्या मुळाचा आधीचा अर्थ ‘पाहणे’. लॅटिनमध्ये तो तसाच राहिला आणि आजच्या मोबाइलवरचा ‘व्हिडिओ’ त्यातूनच आला. पाहिलं म्हणून जाणलं, असा हा प्रवास. इंग्रजीतला ‘विटनेस’ याच ‘विट’चा. आपल्या ‘साक्षी’तही डोळा आहेच, ‘अक्ष’. तहसीलवर आपण देतो ते ‘निवेदन’ही ‘विद्’चंच : कळवणं, जाणतं करणं.

वर्गात हे फळ्यावर मांडलं की मागच्या बाकावरची पोरंसुद्धा मान वर करायची. ज्याला आज ‘विनोद’ वाचावं लागलं, तोही त्यांतलाच एक.

त्या ओळीवर मी पेन्सिलनं ‘येणेप्रमाणे’ लिहून दिलं. पण मी पेन्सिलनं लिहिल्यानं करार बदलत नाही. शेतकऱ्याकडून सही घेण्याआधी मराठी तर्जुमा दोन्ही भाषा येणाऱ्या माणसानं वाचावा आणि त्याखाली त्यानं स्वतःची सही करावी, एवढी मागणी आपल्या पत्रातून संबंधितांपर्यंत पोहोचवावी, ही विनंती.

आपला,
एक निवृत्त इंग्रजी शिक्षक,
अंबाजोगाई, जि. बीड