प्रॉडक्शनमधलं ‘तात्पुरतं’ कोण काढणार?

संपादक साहेब, स.न.

मागे आपल्या पुरवणीत ऑनलाइन व्यवहार करताना काय काळजी घ्यावी यावर अख्खं पान आलं होतं. ॲड्रेस बारमध्ये कुलूप आहे का बघा, एचटीटीपीएस आहे का बघा, मग बिनधास्त पैसे भरा असा एकूण सूर. (क्रोमने ते कुलूप २०२३ मध्येच काढून टाकलं, कारण कुलूप दिसलं म्हणजे साइट भरवशाची असा लोकं अर्थ घेत होते, असो.) त्यात चुकीचं असं काही नव्हतं, पण ते सगळं तुमच्या मोबाईलपासून पहिल्या सर्व्हरपर्यंतचं झालं. खरी गंमत त्याच्या पुढे आहे आणि त्यावर कुठल्याच पेपरात कधी काही येत नाही म्हणून लिहितोय.

तुम्ही बिल भरलं की ते पहिल्या सर्व्हरवर थांबत नाही. तिथून एक इंटिग्रेशन सॉफ्टवेअर ते उचलतं, म्यूलसॉफ्ट असेल, वेबमेथड्स असेल, टिबको, एसएपी पीओ, कुठे फुकटचं अपाची कॅमल, आणि मग ते बँकेकडे, एसएमएसवाल्याकडे, जीएसटीवाल्याकडे असं चार ठिकाणी पाठवतं. ही सगळी कनेक्शनं पण एचटीटीपीएसचीच असतात, म्हणजे समोरच्या सर्व्हरचं ओळखपत्र (त्यालाच सर्टिफिकेट म्हणतात) तपासायचं आणि मग कुलूपबंद म्हणजे एन्क्रिप्ट करून बोलायचं, फक्त तिथे स्क्रीनसमोर माणूस कोणी नसतो, त्यामुळे लाल वॉर्निंग बघून मागे फिरणारं पण कोणी नसतं. तिथे काय चालतं ते मी रोज बघतो, पुण्यात हिंजवडीला हेच काम करतो.

आता होतं काय ते जरा सविस्तर सांगतो. ही बहुतेक सॉफ्टवेअरं जावा या प्रोग्रॅमिंगच्या भाषेवर चालतात. जावात दोन पेट्या असतात, कीस्टोअर म्हणजे माझं स्वतःचं सर्टिफिकेट आणि माझी गुप्त किल्ली म्हणजे प्रायव्हेट की, आणि ट्रस्टस्टोअर म्हणजे मी कोणाकोणावर विश्वास ठेवतो त्यांची यादी. जावाची स्वतःची तयार यादी सीए-सर्ट्स नावाच्या फाइलीत असते आणि जुन्या जावात तिचा पासवर्ड कित्येक वर्षं ‘चेंज-इट’ असा आहे, म्हणजे बदला असं पासवर्डच सांगतोय आणि तरी कोणी बदलत नाही 😄

तर समजा नवीन पार्टनर जोडायचाय. त्याचा पत्ता ब्राउझरमध्ये टाकला तर मस्त उघडतो, इंटिग्रेशन सर्व्हरवरून मारला की हँडशेक म्हणजे सुरुवातीची ओळखपाळखच फेल, लॉगमध्ये पीकेआयएक्स पाथ बिल्डिंग फेल्ड, म्हणजे समोरच्याच्या सर्टिफिकेटपासून माझ्या विश्वासाच्या यादीपर्यंत साखळी जुळली नाही. समोरचा म्हणतो आमच्याकडे सगळं ओके आहे, बघा ब्राउझरमध्ये उघडतंय, प्रॉब्लेम तुमच्याकडेच. आणि इथे दोन टीम आठवडाभर मेल मेल खेळतात. खरं कारण बहुतेक वेळा एवढंच असतं की समोरच्याने सर्व्हरवर फक्त स्वतःचं सर्टिफिकेट लावलंय, ते आणि सर्टिफिकेट देणाऱ्या संस्थेचं मूळ सर्टिफिकेट यांना जोडणारं मधलं म्हणजे इंटरमीडिएट लावलंच नाही. क्रोम हुशार आहे, मधलं सर्टिफिकेट कुठे मिळेल त्याचा पत्ता सर्टिफिकेटातच लिहिलेला असतो तिथून ते गुपचूप आणून घेतो. जावा आपणहून आणत नाही, साखळी तुटलेली दिसली की सरळ नाही म्हणतो. म्हणजे इथे जावा बरोबर वागतोय आणि शिव्या पण जावालाच पडतात. ओपनएसएसएलची एक कमांड मारली की साखळीत काय आलंय आणि काय नाही ते दोन मिनिटांत दिसतं, पण रात्री अकराच्या कॉलवर वीस जण असताना आणि सकाळी गो-लाइव्ह म्हणजे सिस्टीम लोकांसाठी चालू करायची असताना ती कमांड कोणी मारत नाही. तेव्हा कोणीतरी सीनियर म्हणतो, ‘अरे व्हेरिफिकेशन ऑफ करून बघ ना, तात्पुरतं.’

ऑफ केलं की लगेच चालतं! म्यूलमध्ये त्यासाठी इनसिक्युअर नावाचं सेटिंगच आहे, आणि हे धोक्याचं आहे, आपल्या जबाबदारीवर वापरा असं त्यांनीच डॉक्युमेंटात लिहून ठेवलंय. बाकीच्यांत सेटिंग नसेल तर इंटरनेटवरून दहा ओळींचा कोड मिळतो, त्यात ट्रस्ट मॅनेजरचं तपासणीचं फंक्शन रिकामं सोडलेलं असतं, येईल त्याला ये म्हणायचं. म्हणजे सोसायटीच्या गेटवर वॉचमन ठेवायचा, युनिफॉर्म द्यायचा आणि सांगायचं की कोणालाच काही विचारू नकोस. डेटा एन्क्रिप्ट होतोच हो, पण नक्की कोणाशी बोलतोय तेच माहीत नाही, मध्ये कोणी बसला असेल तर त्याच्यासाठी पण व्यवस्थित एन्क्रिप्ट होऊन जातो. ऑडिटवाला येतो, यूआरएलच्या सुरुवातीला एचटीटीपीएस आहे का बघतो, टिक मारतो, चहा घेऊन जातो.

आणि ते तात्पुरतं कोणी काढत नाही. गो-लाइव्ह झालं, व्हेंडरचं बिल निघालं, तो सीनियर दुसऱ्या कंपनीत गेला, आता चालू असलेल्या गोष्टीला हात कोण लावणार. पोरांना कळत नाही असं अजिबात नाही, चांगलं कळतं, पण ते सर्टिफिकेट नक्की कोणाचं काम हेच ठरलेलं नसतं. नेटवर्कवाले म्हणतात ॲप्लिकेशनचं, ॲप्लिकेशनवाले म्हणतात सिक्युरिटीचं, सिक्युरिटीवाले म्हणतात टिकेट टाका.

हे आत्ताच लिहायचं कारण असं की सर्टिफिकेटांचं आयुष्य झपाट्याने कमी होतंय. एकेकाळी पाच वर्षांचं सर्टिफिकेट मिळायचं, मग ३९ महिने, २०१८ पासून ८२५ दिवस, २०२० पासून ३९८ दिवस. ब्राउझर कंपन्या आणि सर्टिफिकेट देणाऱ्या संस्था यांचा जो सीए-ब्राउझर फोरम आहे त्यांनी एप्रिल २०२५ मध्ये ठरवलं की १५ मार्च २०२६ पासून जास्तीत जास्त २०० दिवस, १५ मार्च २०२७ पासून १०० आणि १५ मार्च २०२९ पासून फक्त ४७. कारण पटण्यासारखं आहे. चुकून किंवा चोरून निघालेलं सर्टिफिकेट रद्द करायची पद्धत धड चालत नाही, मग निदान ते लवकर मरावं. हे लांबचं पण नाही, जुलै २०१४ मध्ये आपल्याच एनआयसी या सरकारी आयटी संस्थेकडून गुगलच्या डोमेनची अनधिकृत सर्टिफिकेटं निघालेली गुगलला सापडली होती, ती रद्द करावी लागली आणि क्रोमने आपल्या सरकारी सर्टिफिकेटांवर ठराविक डोमेनपुरतंच असं बंधन घातलं.

पण तारीख चुकली तर काय होतं ते ६ डिसेंबर २०१८ ला दिसलं होतं. एरिक्सनच्या सॉफ्टवेअरमधलं एक सर्टिफिकेट संपलं आणि ब्रिटनमध्ये ओटूचं नेटवर्क दिवसभर आडवं, त्याच दिवशी जपानमध्ये सॉफ्टबँकचं पण. हे टेलिकॉमवाल्यांचं झालं तर आपल्याकडे जिथे सगळ्या तारखा एका एक्सेलमध्ये आहेत आणि ती एक्सेल एकाच माणसाच्या लॅपटॉपवर आहे तिथे काय होणार ते सांगायला नको.

४७ दिवस म्हणजे वर्षाला आठ वेळा बदल. ब्राउझरच्या साइटचं होईल, तिथे ऑटोमॅटिक रिन्यूअल आता रुळलंय, फुकट सर्टिफिकेट देणारं लेट्स एन्क्रिप्ट तर सुरुवातीपासून ९० दिवसांचं देत आलंय. अडणार इंटिग्रेशनवाले. कारण आपल्याकडे सर्रास पद्धत अशी की पार्टनरच्या सर्टिफिकेटची फाइल मेलवर मागवायची आणि तीच ट्रस्टस्टोअरमध्ये टाकायची. रूट म्हणजे सर्टिफिकेट देणाऱ्या संस्थेचं मूळ सर्टिफिकेट टाका, म्हणजे संस्था तीच असेल तोवर खालचं सर्टिफिकेट कितीही वेळा बदललं तरी आपल्याला हात लावावा लागत नाही, हे सांगून सांगून तोंड दुखलं. मग दर वेळी मेल येतो, ‘रविवारी रात्री आमचं सर्टिफिकेट बदलतंय, सोबतचं इम्पोर्ट करा’, मग चेंज रिक्वेस्ट, अप्रूव्हल, डाउनटाइम, कारण बऱ्याच ठिकाणी नवीन ट्रस्टस्टोअर उचलायला सर्व्हर रीस्टार्टच करावा लागतो. हे वर्षातून एकदा होतं तेव्हाच कुरकुर असते. आठ वेळा आलं, ते पण तीस पार्टनरांसाठी, की लोकं वैतागून काय करतील? तेच. व्हेरिफिकेशन ऑफ. म्हणजे सुरक्षा वाढावी म्हणून केलेल्या नियमाने मागच्या दाराने सुरक्षा अजून कमी होणार, मला तरी हीच भीती आहे, आणि याबद्दल नियम करणाऱ्यांना दोष देऊन काही उपयोग नाही.

त्यात अजून एक. काही बँका म्युच्युअल टीएलएस मागतात (टीएलएस म्हणजे एचटीटीपीएसच्या आतली सुरक्षेची पद्धत), म्हणजे आपणही आपलं सर्टिफिकेट दाखवायचं. त्यासाठी बरेच जण वेबसाइटचंच सर्टिफिकेट वापरतात. पण क्रोमच्या नियमांमुळे आता वेबसाइटची सर्टिफिकेटं फक्त वेबसाइटपुरतीच राहणार आहेत, लेट्स एन्क्रिप्टने क्लायंट म्हणून, म्हणजे अशी स्वतःची ओळख दाखवायला, वापरायची मुभा काढणार हे २०२५ मध्येच सांगितलंय. रिन्यू केलं आणि सकाळी बँकेने कनेक्शन घेतलंच नाही असे फोन सुरू होतील, तेव्हा परत कोणालाच कारण सापडणार नाही. अशा कामासाठी स्वतःची प्रायव्हेट सीए म्हणजे सर्टिफिकेट देणारी घरची यंत्रणा उभी करणं किंवा बँकेकडून सर्टिफिकेट घेणं हाच रस्ता आहे, आणि तो एका रात्रीत होत नाही.

टीएलएसच्या जुन्या व्हर्जनचं तर बोलूच नका. टीएलएस १.० आणि १.१ मार्च २०२१ मध्ये अधिकृतपणे मोडीत निघाले, जावाने पण त्याच वर्षी एप्रिलच्या अपडेटमध्ये ते बाय डिफॉल्ट बंद केले, आणि आमच्याकडे एका पार्टनरचा जुना सर्व्हर चालावा म्हणून जावाच्या सिक्युरिटी फाइलीतली ते बंद करणारी नोंद खोडून ठेवलेली आहे. एकासाठी खोडली, उघडली गेली सगळ्यांसाठी.

आता तुम्ही म्हणाल यात आम्ही काय करणार. माझं म्हणणं एवढंच की महापालिकांच्या आणि सहकारी बँकांच्या आयटी टेंडरच्या बातम्या आपण छापता, त्यात किती कोटी आणि कोणाला मिळालं याच्यासोबत दोन प्रश्न विचारा. प्रॉडक्शनमध्ये म्हणजे प्रत्यक्ष चालू सिस्टीमवर किती कनेक्शनांवर सर्टिफिकेटची तपासणी बंद आहे, आणि सर्टिफिकेट संपलं तर रात्री दोनला फोन कोणाला जाणार. पहिल्याचं उत्तर शोधायला कन्सल्टंट लागत नाही, सगळ्या कॉन्फिग फाइलींमध्ये ‘इनसिक्युअर’ आणि ‘ट्रस्ट ऑल’ असं सर्च मारलं तरी निम्मं काम एका दुपारी होतं.

आणि ज्यांची खाती सहकारी बँकेत आहेत आणि जे सभासद आहेत त्यांनी सप्टेंबरपर्यंतच्या वार्षिक सभेत हेच दोन प्रश्न लेखी द्यावेत, लेखी म्हणजे मिनिट्समध्ये येतात. तोंडी विचारलं तर अध्यक्ष म्हणतात सगळं एचटीटीपीएस आहे, आणि लोकं जेवणाच्या रांगेला लागतात.

आपला,
एक इंटिग्रेशनवाला वाचक, पुणे