विषय: तीन क्लीनर श्रिम्पचा मृत्यू, पिशवीतलं 1.018 चं पाणी आणि तुमची दोन तासांची हमी

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

आज दुपारी तुमच्या माणसानं चौथ्यांदा मला "क्लेमची वेळ संपली आहे सर" असं सांगून फोन ठेवला, म्हणून हे लेखी देतोय.

शनिवारी सकाळी पावणेसातला नाशिकला तुमचं पार्सल मिळालं. तीन क्लीनर श्रिम्प, म्हणजे खाऱ्या पाण्याच्या टँकमध्ये पाळायच्या कोळंब्या, प्रत्येकी 1,800 रुपये. आदल्या संध्याकाळी साडेपाचला पॅक केल्याचा तुमचाच मेसेज आहे. म्हणजे तेरा तासांहून जास्त वेळ त्या बंद पिशवीत होत्या. तिघीही जिवंत होत्या, पांढऱ्या मिशा हलत होत्या. तापमान जुळावं म्हणून पिशव्या टँकमध्ये तरंगत ठेवल्या, मग एक उघडून पाण्याचा थेंब क्षारता मोजायच्या रिफ्रॅक्टोमीटरवर घेतला. 1.018. हा आकडा गोड्या पाण्याच्या तुलनेतल्या घनतेचा, जितका कमी तितकं पाणी कमी खारं. विश्वास बसेना म्हणून 35 पीपीटीच्या, म्हणजे समुद्राइतक्या खाऱ्या, द्रावणावर मीटर पुन्हा लावून घेतला आणि उरलेल्या दोन पिशव्याही तपासल्या. तिन्हींत 1.018. माझ्या टँकमध्ये 1.025 आहे आणि तुमच्या उत्पादनाच्या पानावर "1.025 मध्ये ठेवलेल्या" असंच छापलंय.

माशांच्या टाक्यांत क्षारता उतरवून ठेवतात, परोपजीवींना आळा बसावा आणि मीठही वाचावं म्हणून, हे मला ठाऊक आहे. मासा ते सोसतो. कोळंबीला ते जमत नाही. तिच्या अंगातलं पाणी बाहेरच्या पाण्याच्या क्षारतेबरोबर ओढलं जातं, म्हणून तिला हळूहळूच न्यावं लागतं. हे तुम्हाला मी सांगायची गरज नाही, तुम्ही हाच धंदा करता. तरीही तुमच्या कार्डावर काय आहे? "पिशवी 20 मिनिटं तरंगवा आणि सोडा." मासा, स्टारफिश, श्रिम्प, सगळ्यांना एकच कार्ड.

मी 20 मिनिटांत सोडल्या नाहीत. एअरलाइन पाइपला गाठ मारून टँकचं पाणी बादलीत सेकंदाला दोन थेंब पडेल असा ड्रिप लावला आणि तीन तास बादलीशेजारी बसून राहिलो. पण त्यातली अडचणही तुम्हाला माहीत असायला हवी. इतका वेळ बंद राहिलेल्या पिशवीत अमोनिया साठतो. कार्बन डायऑक्साइडमुळे पीएच खाली असतो तोवर तो फारसा बाधत नाही. पिशवी उघडली की वायू निघून जातो, पीएच चढतो आणि तेच पाणी विषारी होत जातं. म्हणजे क्षारतेसाठी सावकाश जायचं आणि अमोनियासाठी लवकर बाहेर काढायचं. आदल्या रात्री कुणी एका ओळीत "पाणी 1.018 आहे" एवढं कळवलं असतं, तर मी वेगळ्या टबात हीटर लावून 1.018 चंच ताजं पाणी तयार ठेवलं असतं, त्यांना थेट त्यात घेतलं असतं आणि क्षारता दोन दिवसांत सावकाश वर नेली असती. त्या जगल्या असत्या.

पहिली रात्री अकराच्या सुमारास कुशीवर पडली. दुसरी पहाटे, तिसरी रविवारी सकाळी.

आता रविवारच्या फोनबद्दल. मी फोटो पाठवले होते. तुमची प्रतिनिधी म्हणाली, "सर, ही मेलेली नाहीये. श्रिम्प कात टाकते. ही कात आहे." मी म्हणालो, ताई, मी आठ वर्षं मरीन टँक सांभाळतोय, कात मला कळते. ती म्हणाली, "बऱ्याच कस्टमरना असं वाटतं सर. तुमची श्रिम्प दगडामागे लपली असेल, शोधून बघा." मी म्हणालो, तीन श्रिम्प आणल्या, तीन माझ्यासमोर बशीत आहेत. तिनं अकरा मिनिटं होल्डवर ठेवलं. परत आली आणि म्हणाली, "आमच्या एक्स्पर्टनी फोटो पाहिलेत, कातच आहे. दोन-तीन दिवस वाट बघा."

कात पोकळ असते. डोके आणि पोट जिथे जुळतं तिथे पाठीवर उकललेली असते, उजेडात धरली तर आरपार दिसतं आणि चिमटीत चुरमडते. माझ्या बशीत होतं ते पांढुरकं पडलेलं, गच्च भरलेलं शरीर होतं. त्याला वास येत होता. एकीच्या पोटाखाली हिरवट अंडी होती. कातीच्या पोटाखाली सहसा अंडी नसतात. आणि मेलेला प्राणी दोन-तीन दिवस टँकमध्ये ठेवा, हा सल्ला तुमचा एक्स्पर्ट देतो? उरलेला टँकही मारायचा का?

दुसऱ्या दिवशी कातीचा विषयच बंद झाला. आता उत्तर एकच: "पार्सल मिळाल्यापासून दोन तासांत फोटो हवा होता." दोन तास! माझा ड्रिपच तीन तासांचा होता. दोन तासांत श्रिम्प जिवंतच होत्या, फोटो कशाचा काढणार? क्षारतेचा धक्का बसलेली कोळंबी काही तासांनी, कधी दुसऱ्या दिवशी मरते. म्हणजे तुमच्या हमीत ती कधीच बसत नाही. हे मी चारही फोनवर सांगितलं, आणि पुन्हा लिहितो: तुमच्या हमीत श्रिम्प बसतच नाही.

2021 मध्ये याच दुकानातून घेतलेली क्लीनर श्रिम्प माझ्याकडे तीन वर्षं जगली. माझी मुलगी टँकमध्ये हात घालायची आणि ती बोटांवर चढून नखांच्या कडा साफ करायची. तेव्हा तुमच्या पिशवीवर मार्करनं क्षारता आणि तापमान लिहिलेलं असायचं. त्या दोन आकड्यांवर विश्वास ठेवून मी मित्रांनाही तुमच्याकडे पाठवलं. या जातीची पिल्लं टँकमध्ये वाढवणं फार अवघड आहे, विकल्या जातात त्या बहुतेक समुद्रातूनच धरलेल्या असतात. रीफवरून काढून आणलेला जीव असा पाठवताना दोन आकडे लिहायला तुम्हाला मार्कर मिळू नये?

मला 5,400 रुपये आणि कुरिअरचे पैसे परत हवेत. बदली श्रिम्प पाठवू नका, त्याच पाण्यातून आणखी जीव यायला नकोत. कोळंबीसाठी वेगळं कार्ड छापा, पिशवीवर क्षारता लिहा आणि हमी किमान 24 तासांची करा.

सात दिवसांत लेखी उत्तर आलं नाही तर 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवीन आणि जिल्हा ग्राहक आयोगात जाईन. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यानं मला ती नाशिकमध्येच दाखल करता येते, तुमच्या शहरात यावं लागत नाही.

सोबत रिफ्रॅक्टोमीटरचे तीन फोटो आणि बशीतल्या तिघींचे फोटो जोडले आहेत. या वेळी एकीला मधोमध कापून आतलं मांस दिसेल असा काढलाय. तुमच्या एक्स्पर्टना दाखवा.

तुमचा ग्राहक,
नाशिक