काचेतला बंबवाला : लाईटदादांना आभारपत्र

दादा,
स. न. वि. वि.

लघुपट पुरा झाला. तुमचे आभार नुसते तोंडी मानून आमचं समाधान होणार नाही. कमी पैशांत भुताची फिल्म करणाऱ्या इतरांनाही तुमची रीत कळावी, म्हणून हे पत्र सगळ्यांसमोर लिहितो आहोत.

विषय 14 एप्रिल 1944 चा. मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीतल्या फोर्ट स्टिकीन जहाजात कापसाच्या गाठी आणि सुमारे 1,400 टन स्फोटकं व दारूगोळा. दुपारी आग दिसली, 4 वाजून 6 मिनिटांनी पहिला स्फोट झाला, अर्ध्या तासाच्या आत दुसरा. आग विझवायला गेलेले 66 अग्निशामक मृत्युमुखी पडले. आमच्या कथेतला बंबवाला त्याच रात्री माझगावच्या चाळीत आपल्या दारात येऊन उभा राहतो. पटकथा ऐकून तुम्ही एवढंच म्हणालात, "हा घरचा माणूस आहे, याला निळा उजेड मारायचा नाही." पुढचं सगळं काम त्या एका वाक्यावर उभं राहिलं.

भूत कॉम्प्युटरवर न करता काचेतल्या प्रतिबिंबातून करायचं, हाही तुमचाच आग्रह. कॅमेऱ्यासमोर 45 अंशांत 6 बाय 4 फुटांची काच, काचेपलीकडे चाळीची खोली आणि बाजूला काळ्या कपड्याच्या कोंदणात उभा बंबवाला. तो काचेपासून जितका लांब, तितकाच काचेमागे दिसतो. त्यामुळे दारापर्यंतचं अंतर आधी टेपने मोजायचं आणि फोकस कॅमेरा ते काच अधिक काच ते माणूस एवढ्या अंतरावर ठेवायचा. काचेवर फोकस गेला की धूळ दिसते, माणूस नाही.

काच 4 मिलीमीटरची साधी घ्यायला लावलीत, ते बरं झालं. काचेच्या पुढच्या आणि मागच्या अशा दोन्ही बाजूंनी प्रतिबिंब पडतं. 12 मिलीमीटरच्या काचेत ती दोन प्रतिबिंबं जवळजवळ 9 मिलीमीटरनी सरकतात आणि चेहऱ्याला दुहेरी कड येते. 4 मिलीमीटरमध्ये हा फरक 3 मिलीमीटरवर येतो, तो नजरेत भरत नाही. टफन्ड, म्हणजे भट्टीत तापवून कणखर केलेली काच सुरक्षित खरी, पण भट्टीतल्या रोलरांमुळे तिच्यात लाटा राहतात आणि प्रतिबिंब वाकतं. साधी काच फुटली की मोठे धारदार तुकडे होतात. म्हणून तुम्ही लाकडी चौकट केलीत, खाली वाळूच्या पिशव्या दिल्यात आणि 22 किलोची ती काच हातमोज्यांशिवाय कुणाला उचलू दिली नाहीत.

45 अंशांत साधी काच जेमतेम दहावा हिस्सा उजेड परत देते. म्हणजे कंदिलाच्या उजेडातल्या खोलीइतका बंबवाला दिसायला हवा, तर त्याच्यावर दहापट उजेड लागतो. तेवढा एलईडीने सहज मिळाला असता आणि त्या कोंडलेल्या काळ्या कोंदणात उकाडाही कमी झाला असता. तुम्ही मात्र जुन्या वन केच्या बेबी, म्हणजे हजार वॅटचे टंग्स्टनचे छोटे दिवे आणलेत. कारण आता पडद्यावर दिसतं. डिमर, म्हणजे उजेड कमी-जास्त करायचं बटण, खाली आणला की टंग्स्टनची तार सावकाश थंडावते आणि उजेड मंद होताना लाल होत जातो. बंबवाला निखाऱ्यासारखा विझतो. आमच्या मते फिल्ममधला सर्वांत चांगला क्षण तो आहे, आणि तो संकलनात जराही बदललेला नाही.

खिडकीतला गोदीच्या आगीचा नारिंगी उजेड दारावर सांडू नये म्हणून उजेड अडवणारे किती काळे कटर लावलेत! मागे उजेड असला की प्रतिबिंब धुऊन जातं. दारामागचा जिना काळोखा, म्हणूनच तो तिथे उभा राहू शकला. लेन्सवरचा पोलरायझर, म्हणजे काचेवरची चमक कापणारा फिल्टर, तोही तुम्हीच काढायला सांगितलात. तो फिरवला तर भूतच गायब होतं.

काचेत डावं-उजवं उलटतं, हे शिंप्याला समजावायलाही तुम्हीच गेलात. सदऱ्याची बटणपट्टी उलटी शिवली, खांद्यावरचा क्रमांक आरशातल्यासारखा रंगवला, आणि डावखुऱ्या नटाला डाव्याच हातात टोपी धरायला लावली, म्हणजे पडद्यावर तो हात उजवा दिसावा.

खोलीत काम करणाऱ्या नटीबाईंना मात्र दारात काहीच दिसत नव्हतं, कारण भूत फक्त कॅमेऱ्याच्या जागेवरून दिसतं. तुम्ही दारात स्टँड उभा करून डोळ्यांच्या उंचीवर पांढरी टेप लावलीत, तालीम झाल्यावर स्टँड काढलात, आणि टेक होईपर्यंत कुणाला त्या दारातून जाऊ दिलं नाहीत. बाईंची नजर इतकी स्थिर राहिली, ती यामुळे.

श्रेयनामावलीत 'प्रकाशयोजना' हे तुमच्या नावावर स्वतंत्र पाटीत येईल. डिमर धरणाऱ्या आणि चौकट सांभाळणाऱ्या तुमच्या दोन्ही पोरांची नावंही त्याच पाटीत आहेत. स्पेलिंग तपासून कळवा. चौकट गाळ्यातच ठेवली आहे, कुणाला हवी असेल तर खुशाल द्या.

आपली,
लघुपटाची सगळी मंडळी
मुंबई