मा. आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र: फुप्फुस बदललेल्यांची तपासणी इंदूरला व्हावी

मा. आरोग्यमंत्री, मध्य प्रदेश शासन, भोपाळ
सप्रेम नमस्कार.

इंदूरने ग्रीन कॉरिडॉरसाठी, म्हणजे अवयव वेळेत पोचावा म्हणून रस्ता मोकळा करण्यासाठी, नाव कमावलं आहे, आणि अवयवदात्याला गार्ड ऑफ ऑनर देण्याचा आपल्या शासनाचा निर्णय मला मनापासून आवडला. आज लिहिते आहे ते ज्याला अवयव मिळतो त्याच्याविषयी.

माझ्या धाकट्या भावाची दोन्ही फुप्फुसं चेन्नईला बदलली. रोज सकाळी तो नाकाला चिमटा लावून, फुंकलेली हवा मोजणाऱ्या स्पायरोमीटरमध्ये जीव खाऊन फुंकतो आणि वहिनी आकडा वहीत मांडते. मागच्या पावसाळ्यात २.४ लिटरचा आकडा उतरत उतरत २.१ वर आला. ताप नाही, खोकला नाही. प्रत्यारोपणात फुप्फुसाचे चेतातंतू तुटतात, त्यामुळे खोकल्याची उबळही नीट येत नाही. इथल्या एका रुग्णालयात ‘इन्फेक्शन असेल’ म्हणून अँटिबायोटिक सुरू केलं, तपासणी काहीच नाही.

जंतुसंसर्ग आणि रिजेक्शन, म्हणजे शरीराने नवं फुप्फुस नाकारणं, वरवर सारखेच दिसतात, उपचार मात्र अगदी उलटे. रिजेक्शनला स्टेरॉइडचा मोठा डोस देऊन प्रतिकारशक्ती दाबायची. संसर्ग असताना तेच केलं तर जिवावर बेतू शकतं. किडनीसाठी क्रिएटिनिन असतं, तशी साधी रक्ततपासणी इथे कामाला येत नाही. दुर्बीण घालून (ब्रॉन्कोस्कोपी) श्वासनलिका धुतलेलं पाणी तपासावं लागतं आणि फुप्फुसाचे किमान ५ चांगले तुकडे काढावे लागतात (बायोप्सी). पॅथॉलॉजिस्ट त्यात दोन गोष्टी वेगवेगळ्या पाहतो: बारीक रक्तवाहिन्यांभोवती जमलेल्या पेशी, त्यांची ‘ए’ श्रेणी, आणि बारीक श्वासनलिकांची सूज, तिची ‘बी’. ही सूज अंगावर काढली तर नलिका आतून बुजत जाण्याचा धोका वाढतो. पहिल्या सेकंदात बाहेर पडणारी हवा २० टक्क्यांनी घटून तशीच राहिली, तर गेलेला श्वास सहसा परत मिळत नाही.

भावाची बायोप्सी शेवटी चेन्नईलाच झाली. रिजेक्शन निघालं, औषध लागू पडलं. पण दम लागलेल्या माणसाला इंदूरहून चेन्नईला नेणं म्हणजे काय, ते वहिनीला विचारा. आणि ज्यांना तो खर्च झेपत नाही, त्यांनी कुठे जायचं?

महात्मा गांधी मेडिकल कॉलेजात अशा रुग्णांसाठी एक ओपीडी सुरू करा. तिथे आकडा घसरल्यावर दोन दिवसांत ब्रॉन्कोस्कोपी आणि बायोप्सी व्हावी. फुप्फुसाच्या स्लाइड वाचायला शिकलेला एक पॅथॉलॉजिस्ट असावा, आणि अडलं तर त्याला प्रत्यारोपण केंद्राशी स्लाइड दाखवून बोलता यावं. सकाळच्या गोळीआधी घेतलेल्या रक्तातली टॅक्रोलिमसची, म्हणजे प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या औषधाची, पातळी त्याच दिवशी कळावी, कारण ती खाली गेली की रिजेक्शनला वाट मिळते. घरचा स्पायरोमीटर तर शासनाने प्रत्येकाला द्यावाच; एवढ्याशा यंत्राने आमच्या घरात वेळेवर जाग आणली.

भावाची पुढची बायोप्सी इंदूरला होऊ शकेल का, आणि कधीपासून, हे कृपया लेखी कळवावं.

आपली विश्वासू,
रामबागेतली एक बहीण, इंदूर